चावडीच्या भिंतीतली बाई

देऊळखेडात कुणालाही विचारून बघा, हा दगड कुठला म्हणून. माणूस आधी तुमच्याकडं बघून हसेल. या गावात दगड कुणी विकत आणलेलाच नाही. आदिलाबादहून जैनथकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. गावाच्या उगवतीला पडक्या देवळांचा एवढा मोठा ढीग, की शेकडो वर्षं लोक तिथून गाड्या भरभरून नेत आले तरी तो सरला नाही. ज्याला घर बांधायचं त्यानं जावं, लागेल तेवढं उचलावं. म्हणून तर सोनाराच्या ओट्याच्या पायरीवर हंसांची रांग आहे, आणि पाय पडून पडून त्यांच्या चोची झिजल्यात. पिठाच्या गिरणीचं इंजिन एका नक्षीदार बैठकीवर बोल्टांनी आवळलेलं आहे. बसथांब्यावर म्हातारे ज्या शिळेवर बसून तंबाखू मळतात, तिच्या खालच्या अंगाला जुनी अक्षरं आहेत. ती आजवर मुंग्यांशिवाय कुणी वाचलेली नाहीत.

हे दगड बसवणाऱ्यांतला शेवटचा माणूस म्हणजे मोतीराम गवंडी. आता पंचाहत्तरीला आलाय. अंगानं काटकुळा, डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं मोजकं. गावातली निम्मी जुनी घरं त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. त्याचा पोरगा चंदन आदिलाबादजवळ मावल्याला राहतो आणि लोकांच्या बाथरूमला टाइल्स बसवतो. दगडाच्या कामाला त्यानं कधी हात लावला नाही. मोतीरामला त्याचं वाईट वाटत नाही. चुन्या-सिमेंटनं आपल्या बोटांचं काय झालं ते रोज त्याच्या डोळ्यांसमोर आहे.

या गवंड्यांची एक रीत होती, ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच समजायचं नाही. ढिगातला दगड हातात आला की त्याच्याकडं बघायचं नाही. नजर दुसरीकडं ठेवायची आणि हात फिरवायचा. सपाट लागला तर ठीक. पण बोटाला कुठं गुडघा लागला, कंबर लागली, कपाळ लागलं, की तो दगड फिरवायचा आणि तोंड, म्हणजे कोरलेली बाजू, भिंतीच्या आत घालायचं. सपाट पाठ बाहेर. तोंडानं एवढंच म्हणायचं, ‘माफ कर माय,’ आणि वर चुना-मातीचा गारा टाकायचा. तोंड बाहेर ठेवलं तर चार दिवसांत कुणीतरी शेंदूर फासतो, पाचव्या दिवशी नारळ फुटतो, आणि घरधन्याची भिंत जन्माची जाते. आणि बघायचं का नाही, तर मोतीरामचा बाप म्हणायचा, डोळ्याला डोळा भिडला की मग त्या तोंडावर गारा टाकवत नाही. मोतीरामनं ही रीत चाळीस वर्षं पाळली. त्याच्या हाताची ख्याती अशी, की डोळे बांधून दगड दिला तरी हा देवाचा, हा हत्तीचा, हा नुसता वेलबुट्टीचा, असं तो सांगायचा. आणि कोणत्या भिंतीत कोणतं तोंड कुठं दडवलंय, हेही त्याला सगळं पाठ होतं.

अडतीस वर्षांपूर्वी त्याला एक मुलगी होती. तुळजा. चंदनच्या आधीची, चार वर्षांची. मोतीरामच्या अंगणात तेव्हा ढिगातले फुटके-तुटके दगड पडलेले असायचे, त्यात एक होता दोन वीत लांबीचा. त्यावर एक बाई कोरलेली, मुंडकं गेलेलं, एक हात कंबरेवर, पायात पैंजण. डाव्या पायाची बोटं तुटलेली. कुठल्यातरी देवळाच्या पट्टीवरची नाचणारी असेल. तुळजानं तिला आपली बाहुली करून टाकलं. आईच्या फाटक्या लुगड्याची चिंधी ती त्या दगडाला नेसवायची. चिंधी घसरायची, म्हणून मोतीरामनं छिन्नीनं कंबरेपाशी एक बारीकशी खाच पाडून दिली, गाठ अडकावी म्हणून. तुळजा तिला ‘बाई’ म्हणायची. ‘बाई जेवली नाई,’ म्हणून स्वतःही जेवायची नाही. मग मोतीरामची बायको बयनाबाई भाकरीचा एक तुकडा दगडापुढं ठेवायची, एक पोरीच्या तोंडात घालायची.

कार्तिकात पोरीला ताप आला आणि तो डोक्यात गेला. आदिलाबादच्या दवाखान्यात दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी बसमधून तिला मांडीवर घेऊन आणली ती झाकूनच. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या ओढ्याकाठी त्यासाठी जागा होती. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोराटीच्या फांद्या टाकतात आणि दगड ठेवतात. मोतीरामनं ती बाईच नेऊन ठेवली, तोंड आभाळाकडं करून. जन्मात तोंड वर ठेवलेला त्याचा तेवढा एकच दगड.

बयनाबाई दर अमावास्येला तिथं जायची. दगड धुवायची, हळदीचं बोट लावायची, भाकरीचा तुकडा ठेवायची आणि गुपचूप परत यायची. तिला कुणी अडवलं नाही. बाईमाणसानं तिकडं जाऊ नये म्हणतात, पण तिचं तोंड बघून कुणाची बोलायची छाती झाली नसेल.

त्याच सालच्या पौषात गावच्या नव्या चावडीचं काम निघालं. गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, चंपतराव. मोठा धडाक्याचा माणूस, बोलणं म्हणजे सगळं हुकमी. सव्वीस जानेवारीला झेंडा चावडीच्याच दारात लावायचा, साहेब येणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलेलं. दगड कमी पडायला लागला तसा तो आपल्या गाडीवानाला, दौलतला म्हणाला, जिथं दिसंल तिथून आन. दौलतनं आणला. ढिगातून आणला, पडीक विहिरीवरून आणला, ओढ्याकाठूनही आणला. त्याला कुठं ठाऊक कोणत्या फांद्यांखाली कुणाचं लेकरू आहे. आयता घडीव दगड दिसला, गाडीत टाकला. दौलत वारून वीस वर्षं झाली, त्याला आता काय म्हणायचं.

मोतीराम त्या दिवशी उत्तरेची भिंत चढवत होता. दिवसाला दीडशे-दोनशे दगड हाताखालून जायचे. खिडकीच्या खालचा थर, कोपऱ्यापासून तिसरा दगड. नजर ओळंब्यावर होती. हाताला पाय लागले, पैंजण लागले. ‘माफ कर माय,’ म्हणाला, फिरवला, बसवला, थापीनं गारा दाबला. कुठंतरी क्षणभर वाटलं त्याला, काहीतरी ओळखीचं लागलं म्हणून. पण मागून चंपतराव ओरडला, ‘मोतीराम, झोपला का रे,’ आणि चौथा दगड हातात आला.

संध्याकाळी घरी आला तर बयनाबाई दारात बसलेली. त्या दिवशी अमावास्या होती. डोक्यावरचा पदर खाली, ताटलीतला भाकरीचा तुकडा तसाच.

‘दगड नाई तिथं,’ ती म्हणाली. ‘अवो, कोन्या मेल्यानं बाई नेली माह्या पोरीची. नुसती माती हाय. कुठं डोकं टेकू मी?’

मोतीरामच्या उजव्या हाताला तेव्हा आठवलं. पैंजण, तुटकी बोटं, आणि कंबरेपाशी त्यानंच पाडलेली ती खाच. दाराची चौकट धरून तो खाली बसला. बयनाबाईला वाटलं, पोरीच्या दुःखानं बसला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तो चावडीवर गेला. त्या दगडावर फक्त दोन थर चढले होते. गारा ओलाच होता. सब्बल, म्हणजे पहार, घेतली असती तर अर्ध्या तासात दगड बाहेर आला असता, आणि तासाभरात भिंत पुन्हा होती तशी. त्यानं सब्बल घेतलीही. तेवढ्यात चंपतराव आला, सोबत गावातली चार माणसं.

‘काय करून राह्यला बापा सकाळी-सकाळी?’

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की गावाच्या चावडीत लेकराच्या मातीवरचा दगड बसलाय, आणि तो मी बसवलाय? गाव काय म्हणालं असतं ते तुम्हीच विचार करा. चावडी पाडायला लावली असती, होम-शांत घालायला लावली असती. पुढं पाच वर्षांत गावात ज्याच्या घरी काही वाईट झालं असतं, त्यानं मोतीरामचं नाव घेतलं असतं. या माणसाच्या हातून घर बांधून घ्यायला पुन्हा कुणी आलं असतं का? मोतीराम म्हणाला, ‘काई नाई मालक, ओळंबा पाहून राह्यलो.’ आणि सब्बल खाली ठेवून त्यानं तिसरा थर चढवायला घेतला.

एवढंच केलं त्यानं. पण मला विचाराल तर माणसाच्या हातून जे वाईट घडतं ते बहुतेक असंच घडतं. सव्वीस जानेवारीला झेंडा चढला, साहेब आले, मोतीरामला नारळ आणि टॉवेल मिळाला. तो नारळ बयनाबाईनं देवापुढं फोडला.

पुढची वर्षं कशी गेली विचारू नका. बयनाबाई अमावास्येला नुसत्या मातीवर जाऊन बसायची. मग ओढ्याकाठचा तो तुकडा सपाट झाला, तिथं प्लॉट पडले, सिमेंटचे खांब रोवले, आणि माती कुठली तेही कळेनासं झालं. तरी ती जायची. खांबांमधून अंदाजानं कुठंतरी उभी राहायची आणि परत यायची. गुडघे गेले तसं जाणं थांबलं. मग ती घरीच, अमावास्येला, चुलीपुढं बसून त्या चोराला बोलायची. ‘ज्यानं नेली त्याचे हात झडतीन. कुष्ठ होईन त्याच्या हाताले.’ मोतीराम अंगणात बसून ऐकायचा. आणि मग तीच बाई वाटीत तेल कोमट करून आणायची, त्याचे वाकडे झालेले हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट चोळून द्यायची. चाळीस वर्षं राबलेले हात म्हणून. सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? हात ओढून घ्यावा तर ती विचारणार काऊन. नाही घ्यावा तर आत जळतच राहायचं. एकदा नाही, वीसदा त्यानं सांगायचं ठरवलं. प्रत्येक वेळी ती दमलेली असायची, नाहीतर हसत असायची. हसणारीला कसं सांगायचं, असं म्हणून तो दिवस टाळायचा.

परवाच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं ठरलं. चावडीच्या भिंतीवर लाल रंगाची फुली पडली. पाठोपाठ दीक्षा आली. दीक्षा जैनथची पोरगी, बाप बाबाराव शाळामास्तर, तीही आता देऊळखेडच्या हायस्कुलात सोशल शिकवते. तिला या दगडांचं भारी वेड. पाडायच्या आधी गावात कुठं-कुठं काय आहे त्याची यादी करायची, फोटो काढायचे, असं तिनं मनावर घेतलं होतं. गावकऱ्यांनी तिला मोतीरामच्या दारात आणून उभं केलं.

‘मामा, तुमाले सगळं माहीत हाय म्हणतात.’

बयनाबाईचा चेहरा खुलला. ‘मंग. यायच्या हाताले समदं ठाव हाय, पोरी. डोळे झाकून सांगतीन.’

तीन दिवस मोतीराम दीक्षाला घेऊन गावभर फिरला. माणूस तरणा झाला होता त्या तीन दिवसांत. सोनाराच्या माजघरात डाव्या हाताला एक गणपती आहे, तोंड आत. शाळेच्या जुन्या खोलीच्या पायात दोन सिंह, एकमेकांना पाठ लावून. मशिदीजवळच्या विहिरीच्या काठात वीणा वाजवणारी एक, तिचे कान लई सुंदर आहेत, बोटाला लागतात. दीक्षा वहीत लिहून घ्यायची. भिंतीची सपाट पाठ फक्त दिसायची, तरी तिला प्रत्येक शब्द खरा वाटायचा. खराच होता तो.

तिसऱ्या दिवशी चावडी आली. मोतीराम समोर उभा राहिला. उत्तरेच्या भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही.

‘इथं?’ दीक्षानं विचारलं.

‘इथं काई नाई,’ तो म्हणाला. ‘समदे साधे दगड.’

दीक्षानं वहीत लिहिलं, चावडी, निरंक.

त्या रात्री मोतीरामला झोप नव्हती. त्यानं मनाशी ठरवलं होतं ते असं. भिंत पाडतील तेव्हा आपण तिथं असायचं. दगड गुपचूप काढायचा, पोत्यात घालायचा, घरी आणायचा. आणि बयनाला सांगायचं, सापडला. ओढ्यात सापडला, ढिगाऱ्यात सापडला, कुठंही. ती एवढी खूष होईल की विचारायचीच नाही. ती सत्तरीला आली होती, छातीत धाप लागायची, डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. तिच्या जाण्याच्या आधी तिच्या मांडीवर तो दगड ठेवायचा, एवढंच आता त्याला करायचं होतं. बाकी त्याला काही नको होतं.

पाडायच्या दिवशी सकाळी सातलाच तो पोतं आणि सब्बल घेऊन चहाच्या टपरीवर जाऊन बसला. जेसीबी आला. चालवणारा कुलदीप, बाहेरगावचा, तोंडात गुटखा, मनानं मोकळा. मोतीराम त्याच्यापाशी गेला.

‘भैया, वो उत्तर का दीवार हाथ से निकालता मैं. थोडासाच.’

‘चाचा, दीवार है, कोई संदूक थोड़ी है जो धीरे से खोलूँ. चार बजे तक सब साफ़ करना है मेरे को.’

‘खिडकी के नीचे का थर. कोने से तीसरा पत्थर. एकच. बूढा आदमी हूँ, ना मत बोल.’

कुलदीपनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या बोटांकडं बघितलं, आणि म्हणाला, ‘ठीक है. ऊपर का मैं उतार देता हूँ. फिर दस मिनट आपके.’ चांगला पोरगा. त्यानं बकेटनं वरचे थर हळूहळू ओढून घेतले आणि खिडकीच्या खालपर्यंत भिंत आणून मशीन बंद केलं.

मोतीराम गुडघ्यावर बसला. सब्बल सांध्यात घातली. आपल्याच हातचा पक्का सांधा, सुटता सुटेना. घामानं रुमाल भिजला. शेवटी दगड हलला, आणि त्यानं तो दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेतला आणि उलटा केला. बाईच्या अंगावर गारा वाळून घट्ट बसला होता. त्यानं सब्बलीच्या टोकानं पाय आणि कंबर मोकळी केली. खाच होती. अडतीस वर्षांनी त्यानं त्या दगडाकडं डोळे भरून बघितलं, आणि त्याला हुंदका आवरला नाही.

मशीन बंद पडलं की आपल्याकडं माणसं जमतातच. पाच मिनिटांत चाळीस झाली. ‘मूर्ती निघाली, मूर्ती निघाली,’ म्हणत बायका धावल्या. चंपतरावही काठी टेकत आले. ऐंशी उलटली तरी आवाज तोच.

‘मुंडकं नाई हिले,’ ते म्हणाले. ‘खंडित मूर्ती गावात ठेवू नये. पेनगंगेत सोडून द्या.’

‘काका, नदीत नका टाकू,’ दीक्षा गर्दीतून पुढं आली. ‘शाळेत ठेवू आपण. आठशे वर्षांचा दगड हाय तो.’ मग तिची नजर मोतीरामवर गेली. ‘पण मामा, तुमी तर म्हणाले होते, इथं काई नाई...’ एवढं बोलून तिनं वही मिटली. हुशार पोरगी आहे.

मोतीरामनं दगड पोटाशी धरला होता. ‘मले द्या,’ एवढंच तो म्हणत होता. ‘मालक, मले द्या हा दगड. घरी नेतो.’

‘येडा झाला का? खंडित मूर्ती घरात?’

आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. कुणीतरी बयनाबाईला जाऊन सांगितलं होतं की चावडीच्या भिंतीतून एक बाई निघाली, पैंजणाची. ती गुडघे धरत, थांबत-थांबत, उन्हातून चालत आली होती. मोतीरामपुढं बसली, पदरानं दगड पुसला आणि कंबरेवरून बोट फिरवलं. बोट खाचेत अडकलं.

‘तुळजीची बाई हाय ही,’ ती म्हणाली. मग रडायला लागली ती अशी, की चंपतरावांनी सुद्धा मान खाली घातली. जुन्या बायकांना तुळजा आठवत होती. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. कुणी म्हणालं, लेकराच्या मातीवरचा दगड चावडीत कसा आला. कुणी म्हणालं, दौलत तेव्हा ओढ्यावरूनही दगड आणायचा. आता नदीत टाका म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. दगड बयनाबाईचा झाला होता.

इथं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. मोतीरामलाही क्षणभर वाटलं, सुटलो. त्यानं डोळे मिटले होते.

बयनाबाईनं डोळे पुसले आणि कुलदीपकडं बघितलं. तिच्या लेखी त्यानं तिची पोर परत आणून दिली होती. तिनं दोन्ही हात जोडले. ‘बाबा, तुह्यं लई भलं होईन. कसा सापडला तुले?’

कुलदीपला मराठी समजत होतं. आनंदानं बोलला बिचारा. ‘अम्मा, मैंने कुछ नहीं किया. सब चाचा को मालूम था. सुबह ही बोले, खिड़की के नीचे का थर, कोने से तीसरा पत्थर. एकदम वहीं निकला. मुँह अंदर की तरफ़ था.’

बयनाबाई गवंड्याची बायको. पन्नास वर्षं तिनं त्या घरात थर, ओळंबा, गारा हेच ऐकलं होतं. तोंड आत म्हणजे काय ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

‘तुमाले ठाव होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘कवापासून?’

तो काहीही सांगू शकला असता. काल स्वप्नात आलं, सांगितलं असतं तरी गावानं ऐकलं असतं, आणि तिनंही ऐकलं असतं कदाचित. पण दगड दोघांच्या मधे होता, आणि त्याला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

‘तू मातीवरून रडत आली ना, त्या संध्याकाळपासून.’

बयनाबाईनं दगडावरचा वाळका गारा नखानं खरवडून पाहिला. मग हळूच म्हणाली, ‘तवा भिंत ओली आसंल.’

‘ओली होती.’

‘किती थर चढले होते?’

‘दोन.’

‘काढता आला असता.’

‘आला असता, बयना.’

ती ओरडली नाही. शाप दिला नाही. तो ज्याला द्यायचा त्याला तिचा अडतीस वर्षं देऊन झाला होता. कमरेचा पदर सोडून तिनं जमिनीवर अंथरला आणि दगड त्यात घ्यायला लागली. दगड जड, तिला उचलेना. मोतीराम पुढं वाकला, हात घालायला.

‘राहू द्या,’ ती म्हणाली. ‘तुमी नका लावू हात.’ आणि तिनं दीक्षाला हाक मारली. ‘पोरी, जरा धर वं इकडून.’

दीक्षानं वही खाली ठेवली आणि पदराचं दुसरं टोक धरलं. दोघी निघाल्या. चावडीपासून घर फार तर दोनशे पावलं. बयनाबाईला धाप लागत होती, ती दर वीस-पंचवीस पावलांवर दगड खाली ठेवायची, छातीवर हात धरून उभी राहायची, पुन्हा उचलायची. मोतीराम मागून येत होता. त्या थांबल्या की तोही थांबायचा, आणि त्या निघाल्या की निघायचा. शेवटपर्यंत त्यानं तेवढंच अंतर ठेवलं.